अर्जुनाचे ऐकू नये

दहा मीटर एअर पिस्तूल हा मुख्यतः उभे राहण्याचा खेळ आहे. सुमारे एक किलो वजनाचे पिस्तूल एका हाताने, कशालाही न टेकता उचलायचे आणि ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा १० मीटरवरच्या लक्ष्यावर मारायचा, एवढाच त्याचा विधी. लक्ष्याचा कागद १७ सेंटिमीटर लांब-रुंद. त्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, आणि त्याच्याही पोटात ‘इनर टेन’ म्हणून ५ मिलिमीटरचे आणखी एक वर्तुळ. गोंदियाच्या बाजारातल्या बारीक तांदळाचा एक दाणा असतो, साधारण तेवढे. अशा ६० गोळ्या ७५ मिनिटांत मारायच्या. कागदी लक्ष्य असेल तर ९० मिनिटे मिळतात. हिशेब केला तर एका गोळीच्या वाट्याला सव्वा मिनिट येते आणि त्यातले प्रत्यक्ष नेम धरण्याचे सेकंद जेमतेम सात-आठ. बाकीचा वेळ उभे राहणे, श्वास घेणे आणि शेजारच्या लेनमध्ये काय चालले आहे ते न पाहणे यात जातो. यातले शेवटचे सर्वांत अवघड.

पहिल्या स्पर्धेत नाव घातल्याची बातमी घरात फुटली की नवोदित नेमबाजाला अर्जुनाची गोष्ट सांगितली जाते. एरवी जमिनीच्या वाटणीपासून वरणातल्या मिठापर्यंत कशावरच एकमत न होणारे मामा, काका, मोठे जावई आणि किराणा दुकानदार या एका बाबतीत एकमुखी असतात: झाड दिसू नये, फांदी दिसू नये, पक्षी दिसू नये, फक्त डोळा दिसावा. गोंदिया जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी दोहोंच्या नावातच अर्जुनी आहे, एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरी सडक अर्जुनी. तेव्हा इथे या गोष्टीला विरोध होण्याचा संभवही कमी.

अडचण अशी की पिस्तुलाच्या बाबतीत ही शिकवण साफ चुकीची आहे. नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात: मागच्या साइटची खाच, पुढच्या साइटचे उभे टोक आणि लक्ष्य. माणसाच्या डोळ्याला वेगवेगळ्या अंतरांवरच्या या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, देवाने तशी सोयच ठेवलेली नाही. म्हणून स्पष्ट दिसायला हवी ती पुढची साइट. लक्ष्य धूसर दिसले पाहिजे, धुक्यातल्या नवेगाव बांधच्या तलावावर काहीतरी काळे आहे इतपतच. त्याहून पुढची गंमत म्हणजे पुष्कळ नेमबाज त्या काळ्यावर नेम धरतच नाहीत. त्याच्या खालच्या कोऱ्या पांढऱ्या जागेत साइट थांबवतात, आणि छर्रा मधोमध लागेल अशा बेताने मागची साइट आधीच फिरवून ठेवलेली असते. म्हणजे ‘काय दिसते?’ असे द्रोणाचार्यांनी विचारल्यावर प्रामाणिक पिस्तूलबाजाचे उत्तर असे होईल: ‘गुरुजी, पुढची साइट दिसते. पक्षी असावा बहुधा, पण मी त्याच्या पायाखालच्या मोकळ्या जागेवर नेम धरला आहे.’ द्रोणाचार्यांनी अशा शिष्याला बाजूला बसवले असते. पिस्तुलाचा कोच पाठ थोपटतो.

यामागे साधे भूमितीचे गणित आहे. दोन साइट्समधले अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरले आणि पुढची साइट खाचेत एकच मिलिमीटर बाजूला सरकली, तर १० मीटरवर तो फरक ३० मिलिमीटर होतो आणि दहाच्या जागी सात गुण पडतात. उलट साइट्स एकमेकींशी नीट जुळलेल्या ठेवून अख्खा हातच एक मिलिमीटर सरकला, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. हात कोणाचाही हलतो, ऑलिम्पिक विजेत्याचाही. हृदय धडधडते, श्वास चालतो, स्नायू थरथरतात, आणि यातले काहीही पूर्ण थांबवायचे तर नेमबाजी कायमचीच थांबेल. शिकायचे असते ते हाताला हलू देणे आणि साइटला न हलू देणे. ही गोष्ट मामांना समजावून सांगायचा प्रयत्न करू नये. त्यांचे म्हणणे ठरलेले असते: ‘लक्ष नाही पोराचं.’

ट्रिगरचा धडाही असाच उफराटा आहे. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरवर किमान ५०० ग्रॅमचा भार हवा असा नियम आहे. तो भार हळूहळू, न थांबता वाढवत न्यायचा आणि गोळी सुटेल तेव्हा सुटू द्यायची. ‘आता छान दिसतंय, आता मारू’ असे मनात आले की बोट झटका देते, मनगट मोडते आणि छर्रा सातात जाऊन बसतो. गोळी सुटली की नेमबाजाला स्वतःलाच थोडे आश्चर्य वाटले पाहिजे, असे जुने कोच सांगतात. एखादी गोष्ट आपल्या हातून कशी झाली ते कळलेच नाही, अशी सबब घरात कधीच चालत नाही. इथे तीच उत्तम तंत्राची खूण मानली जाते.

आणि मग न मारण्याचा धडा. आठ-दहा सेकंद उलटले, साइट स्थिरावली नाही, तर पिस्तूल खाली आणायचे, दोन श्वास घ्यायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. सांगायला सोपे, करायला महाकठीण, कारण उचललेला हात रिकामा खाली आणणे म्हणजे माघार, असे मन समजते. मागे उभ्या असलेल्या मित्रांनाही तसेच वाटते. ‘कायले टाइम लावून राहिला बे? मार ना!’ हा सल्ला क्लबच्या सरावात हमखास मिळतो. तो ऐकून मारलेल्या गोळ्यांची सरासरी काढण्याच्या भानगडीत कोणी पडलेले नाही, हे मैत्रीच्या दृष्टीने बरेच झाले.

नवोदिताचा पूर्वानुभव बहुधा मंडईतला असतो. दिवाळी आटोपली की भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक, आणि या दोहोंच्या मधे कुठेतरी पत्र्याच्या फळीवर रंगीत फुगे लावून बसलेला फुगेवाला. त्याच्या बंदुकीची नळी कोणत्या बाजूला वाकडी आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असते, आणि त्याचा संसार त्या वाकडेपणावरच चालतो. फळीवर दोन्ही कोपरे टेकवून, छाती बाकाला लावून, एक डोळा गच्च मिटून, पाच-सात हातांवरचा नारळाएवढा फुगा फोडणारा मुलगा गावात नेमबाज म्हणून मशहूर होतो आणि पुढे तोच क्लबमध्ये नाव घालतो. तिथे पहिल्याच दिवशी त्याच्याकडून कोपरांचा टेकू, दुसरा हात आणि मिटलेला डोळा अशी मंडईतली सगळी इस्टेट काढून घेतली जाते. दुसरा डोळा मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि नेमाचा डोळाही दमतो. म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून नको त्या डोळ्यापुढे फिकट पट्टी लावायची असते. फुगे फोडून कमावलेला आत्मविश्वास मात्र कोणी काढून घेत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या सरावात आपसूक जातो.

गोंदियासारख्या ठिकाणी खरी तयारी घरातच होते. जुन्या पद्धतीचे घर असेल तर ओसरीपासून मागच्या सांदवाडीच्या भिंतीपर्यंत १० मीटर सहज भरतात. टेपाने मोजून खडूने रेघ ओढायची, भिंतीशी छर्रे अडवणारी लोखंडी पेटी ठेवायची आणि लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर येईल असा कागद लावायचा. कागद लावून झाल्यावर त्या मार्गावर संसार किती आहे ते कळते. धानाची पोती, वाळत घातलेली लुगडी, उभी सायकल, तुळस आणि खाटेवर पापड. सराव चालू असताना मार्गात कोणीही यायचे नाही आणि कोणी आलेच तर पिस्तूल रिकामे करून, नळी भिंतीकडे ठेवून हात मागे घ्यायचा, हा नियम अपवाद नसलेला आहे आणि त्यात विनोदाला जागा नाही, ४.५ मिलिमीटरचा छर्रा डोळा घालवू शकतो. आजीला हा नियम पूर्ण मान्य असतो. त्या नियमानुसारच ती येते. नातवाने हात मागे घेतला आहे याची खात्री करते, पापड एकेक करून उलटते, आज कोणाकोणाचे फोन आले ते सांगते, ‘तुझं चालू दे बाबू’ म्हणून निघते आणि अर्ध्या वाटेवरून एक पापड राहिला म्हणून परत येते. सामन्याच्या वेळी एकाग्रता मोडल्यावर ती पुन्हा गोळा कशी करावी यावर परदेशात जाड पुस्तके लिहिली गेली आहेत. ज्या घरात खाटेवर पापड वाळतात तिथे ती विकत आणायची गरज नाही.

घरच्या सरावाचा मोठा भाग छर्ऱ्याविनाच होतो. त्याला ड्राय फायर म्हणतात. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून कोऱ्या भिंतीसमोर उभे राहायचे, साइट जुळवायची आणि ट्रिगर दाबायचा. बारीक ‘टक’ असा आवाज येतो, दुसरे काहीही होत नाही. भिंतीवर लक्ष्यसुद्धा नसावे. लक्ष्य असले की नजर तिकडे पळते, म्हणजे पुन्हा अर्जुन. असे शेकडो वेळा करायचे असते. कोऱ्या भिंतीकडे रोखून पाहत रोज अर्धा तास निश्चल उभा राहणारा तरुण पाहून घरात आधी कौतुक होते, मग काळजी, आणि महिन्याभरात मुलगी पाहायला हरकत नाही असा विषय निघतो.

हाताची ताकद वाढवायला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली पुरते. तिचे वजन पिस्तुलाइतकेच भरते. बाटली खांद्याच्या उंचीवर धरून उभे राहण्याचा हा व्यायाम रोवणीच्या दिवसांत अंगणात करू नये, एवढे पथ्य पाळावे. दिवसभर बांधीतल्या चिखलात कमरेत वाकून धान रोवून परतलेल्या बायांसमोर, पाणी भरलेली बाटली मिनिटभर धरली म्हणून घामाघूम होणाऱ्या खेळाडूची पत राहत नाही.

पिस्तुलाविषयी थोडक्यात. चांगली स्पर्धात्मक पिस्तुले परदेशी: श्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ. किंमत लाखाच्या वर जाते. तेवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती, असा हिशेब शेजारी लगेच करून देतात, आणि त्याला उत्तर नाही. म्हणून पहिली स्पर्धा बहुधा क्लबच्या सामाईक पिस्तुलावर होते. त्याची लाकडी मूठ पूर्वीच्या एखाद्या खेळाडूच्या तळव्यानुसार कानशीने घासलेली आणि लांबीने भरलेली असते, आणि नव्या खेळाडूला आपली बोटे त्या अनोळखी हातात बसवून घ्यावी लागतात. स्पर्धेच्या साध्या ४.५ मिलिमीटर एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. तरी खरेदीची पावती, ओळखपत्र आणि क्लबचे पत्र बरोबर ठेवावे. देवरी-सालेकसा भागाने नक्षल बंदोबस्ताची बरीच वर्षे पाहिली आहेत. तिथल्या भरलेल्या एसटीत खिडकीबाहेरून वडिलांनी ‘पिस्तूल घेतलं का रे बॅगेत?’ असे प्रेमाने ओरडून विचारले, तर आसपासच्या तीन बाकांवर जागा होते.

हवा हा वेगळा प्रश्न. आजच्या पिस्तुलाच्या नळकांड्यात सुमारे २०० बारच्या दाबाने हवा भरतात. कारच्या चाकात ती सव्वादोन बारच्या आसपास असते. चौकातला पंक्चरवाला मनाने कितीही मोठा असला तरी हे अंतर त्याच्या कॉम्प्रेसरला तोडता येत नाही. त्याला नळकांडे दाखवले की तो ते उलटसुलट करून पाहतो, ‘व्हॉल्व्ह कुठं आहे?’ म्हणून विचारतो आणि शेवटी चहा मागवतो. उपाय म्हणजे क्लबमधली मोठी टाकी किंवा खास हातपंप, ज्याच्या दांड्यावर सगळे वजन टाकून भरताना दंडाचा व्यायाम आयताच होतो. नळकांड्यावर मुदतीची तारीख कोरलेली असते. दहा वर्षे उलटून गेलेले नळकांडे स्पर्धेला नेऊ नये.

स्पर्धांची शिडी दुहेरी आहे. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून होतात: आधी जिल्हा, मग नागपूर विभाग, मग राज्य. या शिडीकडे पालकांचे बारीक लक्ष असते, कारण तिच्यातून दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि पुढे सरकारी नोकरीतले ५ टक्के खेळाडू आरक्षण दिसते. अर्जुनाला यापैकी काहीच नव्हते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. दुसरी शिडी संघटनेची. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज मुंबईत वरळीला आहे, आणि कॅप्टन इझिकेल यांच्या नावाची राज्य स्पर्धा ही नवोदिताची मोठी पायरी. तिच्यापुढे अखिल भारतीय जी. व्ही. मावळंकर स्पर्धा आणि मग राष्ट्रीय. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही ते संस्थापक अध्यक्ष. दिवसभर सभासदांना शांत बसा म्हणून सांगणाऱ्या माणसाला, हातात बंदूक असूनही कोणी ब्र काढत नाही अशा जागेचे आकर्षण वाटले असेल तर ते समजण्यासारखे आहे.

महाराष्ट्राच्या नेमबाजीचा एक मोठा गड कोल्हापूर. २०१० साली ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत तिथली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवणारी राही सरनोबत तिथली. २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्य आणणारा स्वप्निल कुसाळे त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. आणि योगायोग असा की गोंदियाहून कोल्हापूरला थेट गाडी आहे. महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाला सुटते आणि नागपूर, अकोला, भुसावळ, मनमाड, पुणे, मिरज करत १,३०० किलोमीटरहून अधिक अंतर तोडून कोल्हापूरला टेकते. थेट गाडी असलेले गाव जवळच असते, अशी गोंदिया जंक्शनच्या माणसाची ठाम समजूत. त्यामुळे ‘जाऊन ये ना कोल्हापूरला, बसलं की उतरायचं’ असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. मधे सव्वा दिवस जातो हे ते सांगत नाहीत. मुंबईची स्पर्धा असेल तर विदर्भ एक्सप्रेस. दोन्ही बाबतींत स्थिर उभे राहण्याच्या स्पर्धेला पोहोचण्यासाठी खेळाडूला आधी रात्रभर गदागदा हलवले जाते. उतरल्यावर काही तास जमीन सरकत असल्यासारखी वाटते, आणि पहिल्या दिवशीचे सहा-सात गुण त्या जमिनीच्या खात्यावर टाकण्याचा प्रघात आहे. स्वप्निल कुसाळे स्वतः रेल्वेत तिकीट तपासनीस होता, त्यामुळे हे कारण फार ताणू नये.

सामानाची यादी लहान असते: पिस्तूल, छर्ऱ्यांचा डबा, सेफ्टी फ्लॅग म्हणजे नळी रिकामी असल्याचे दाखवणारी रंगीत तार, कानातले बोळे, डोळ्यावरची पट्टी, घोट्याखाली संपणारे बूट, टॉवेल, स्क्रू फिरवण्याच्या चाव्या. चाव्या राहून जातात. त्यांचे महत्त्व जाणण्यासाठी २०२१ चे टोकियो आठवावे: मनू भाकरच्या पिस्तुलाचा एक भाग पात्रता फेरीतच मोडला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके घेतली. त्याच पॅरिसमध्ये तुर्कस्तानचा युसूफ डिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून मिश्र सांघिक प्रकाराचे रौप्य घेऊन गेला आणि त्याचा फोटो प्रत्येक कौटुंबिक ग्रुपवर येऊन पडला. ‘बघ, ह्याला काही सामान लागलं नाही’ असे त्याखाली लिहिलेले होते. ते त्याचे पाचवे ऑलिम्पिक होते ही माहिती फोटोबरोबर आली नाही. आणि खिशात हात घालण्यात शौक काहीच नाही. मोकळा हात लोंबकळत राहिला तर शरीर झुलते, म्हणून बहुतेक पिस्तूलबाज तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवतात.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी चहा कमी प्यावा, तेलकट खाऊ नये, लवकर झोपावे, असे तिन्ही नियम पाठ्यपुस्तकात आहेत. बाहेरगावी नातेवाइकांकडे उतरलेल्या खेळाडूला ते लागू पडत नाहीत. चहाला नाही म्हणणे हा पूर्व विदर्भात आजारीपणाचा नाही तर भांडणाचा पुरावा मानतात. चहाने नाडी वाढते आणि प्रत्येक ठोक्याला साइट उडी मारते, हे शरीरशास्त्र आत्याला कोण सांगणार. सकाळी तर्री-पोहे समोर येतात. तर्रीचा परिणाम ७५ मिनिटांच्या कोणत्या टप्प्यावर जाणवेल ते सांगता येत नाही, आणि त्या ७५ मिनिटांचे घड्याळ कोणासाठीही थांबत नाही.

स्पर्धेच्या सकाळी पहिला मुक्काम साहित्य तपासणीचा. पिस्तूल ४२० मिलिमीटर लांब, २०० उंच आणि ५० रुंद अशा पेटीत बसले पाहिजे, वजन दीड किलोच्या आत हवे. मग ट्रिगरला ५०० ग्रॅमचे वजन अडकवून पिस्तूल उभे उचलतात. वजन उचलले गेले तर पास. ट्रिगर आधीच सुटला तर स्क्रू फिरवून पुन्हा रांगेत. सरावात हलका-हलका करत नेलेल्या ट्रिगरची खरी प्रकृती इथे कळते. पंचांचा चेहरा या वेळी आरटीओतल्या अधिकाऱ्यासारखा निर्विकार असतो आणि खेळाडूचा, कागदपत्रे सगळी असूनही, चोरासारखा.

रेंजवर आज्ञा इंग्रजीत सुटतात: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. त्याआधी १५ मिनिटे तयारीची आणि सरावाच्या गोळ्यांची. या गोळ्या मोजल्या जात नाहीत, म्हणून त्या नवोदिताच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम गोळ्या असतात. दहा, नऊ, दहा, इनर टेन. मोजणी सुरू होते त्या क्षणापासून तोच हात, तेच पिस्तूल आणि तेच बूट वेगळ्याच माणसाचे होतात. गुडघा एका स्वतंत्र तालात थरथरू लागतो. घसा कोरडा पडतो. पहिली गोळी मारायला सर्वांत जास्त वेळ लागतो. एकदा उचलले, ठेवले, पुन्हा उचलले. शेवटी सुटते आणि आठ लागतात. आठ म्हणजे फार वाईट नव्हे, पण त्या आठाची भरपाई लगेच पुढच्या गोळीत करून टाकावी असा मोह होतो. भरपाईचा प्रश्नच नसतो, कारण दहापेक्षा जास्त गुण एका गोळीला मिळतच नाहीत. तरी भरपाईच्या प्रयत्नात सात येतात. सातानंतर जे येते त्याला गोंदियात ‘आता जाऊ दे’ म्हणतात, आणि ‘आता जाऊ दे’ म्हटल्यावर, खांदे सैल पडून, कोणताही प्रयत्न न करता, दहा लागतात. यातून काय शिकायचे ते खेळाडूला त्या क्षणी समजते आणि पुढच्या गोळीपर्यंत तो ते विसरतो.

एक अपघात पहिल्या स्पर्धेत घडू शकतो आणि त्याची माहिती आधीच असलेली बरी. लेन अगदी शेजारी-शेजारी असतात. गोंधळलेला खेळाडू कधी शेजाऱ्याच्या लक्ष्यावर गोळी मारतो. त्याच्या खात्यावर तेव्हा शून्य मांडले जाते. शेजाऱ्याच्या कागदावर मात्र दोन भोके दिसतात, आणि कोणते कोणाचे हे ठरवता आले नाही तर त्यातले जास्त गुणांचे भोक शेजाऱ्याला देतात. क्रीडाविश्वात एवढे निरपेक्ष दान दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते. दाता तेव्हा अशा बेताने मान खाली घालतो की आसपासच्यांना तो बुटाची लेस पाहत आहे असे वाटावे.

‘स्टॉप’ झाल्यावर पिस्तूल रिकामे करून, फ्लॅग घालून, पंचांना दाखवून मगच खोक्यात ठेवायचे. त्यानंतर बेरीज. समजा ६०० पैकी ५१० झाले. मोबाइलवर घरी कळवले की पलीकडे क्षणभर हिशेब चालतो आणि आवाज येतो: ‘पंच्याऐंशी टक्के! डिस्टिंक्शन!’ दहावीला पंच्याऐंशी टक्के पडले तर गोंदियात पेढे वाटतात, त्यामुळे हा आनंद खोटा नाही. पण इथे ५१० म्हणजे गोळीला सरासरी साडेआठ, आणि राष्ट्रीय पातळीवर अंतिम फेरीच्या गोष्टी ५७५ च्या पुढे सुरू होतात. एवढे स्पष्टीकरण देण्यात अर्थ नसतो. ‘नंबर कितवा?’ हा पुढचा प्रश्न येतो, त्याला ‘अजून लिस्ट लागायची आहे’ असे उत्तर देतात, आणि ते बऱ्याचदा यादी लागल्यानंतरही दोन दिवस चालते. सहभागाच्या प्रमाणपत्रावर नाव बरोबर आहे का ते जागेवरच तपासावे, आडनावाचे स्पेलिंग नंतर दुरुस्त करायला वरळीपर्यंत परत जाणे परवडत नाही. परतीच्या गाडीत पिस्तूल बर्थखाली न ठेवता उशाशी ठेवावे. घरी पोहोचल्यावर नळी पुसावी, नळकांड्यातला दाब पाहावा आणि पुढच्या स्पर्धेची प्रवेशाची शेवटची तारीख विचारून घ्यावी. ती सहसा परवाच असते.